तफीदाचा कागदावरही विश्वास नव्हता

तफीदा कलिंगड घ्यायची तेव्हा आधी कापून दाखवायला लावायची, आणि लाल निघालं तरी म्हणायची, वरून कापलंस, आता खालून काप. दूधवाल्याच्या भांड्यात ती सरळ बोट बुडवायची आणि थेंब नखावर ठरतो की घरंगळतो ते बघायची. मरणाचा फरिश्ता आला तर तफीदा त्याच्याकडेही ओळखपत्र मागेल, असं आमच्या सुतारांच्या गल्लीत म्हणत.

पण ती जन्मतः अशी नव्हती. तिचा नवरा इस्कंदरियाच्या गोदीत कामाला होता, महिन्यातून चार दिवस आमच्या गावी, दुम्यातला, घरी यायचा. एकोणीस वर्षं तिने त्याच्या शब्दावर काढली. तो वारला तेव्हा इस्कंदरियाहून एक बाई दोन मुलांना घेऊन मयताला आली आणि तफीदाच्या शेजारीच बसून रडायला लागली. तफीदाने तिला पाणी दिलं, कोण कुठली विचारलं, मुलांना जेवू घातलं. त्या दिवसानंतर तिने कुणाचा शब्द म्हणून शब्द कधी घेतला नाही.

तिचा धंदा होता नवऱ्या मुलींना न्हाऊ घालण्याचा. साखर आणि लिंबाचा पाक करून अंगावरचे केस काढायचे, मेंदी लावायची, लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीला दोन शब्द सांगायचे. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका तिच्या हाताखालून गेलेल्या. पुढे मुली ब्यूटी पार्लरात जायला लागल्या आणि तफीदाचं बोलावणं कमी झालं. मी तिच्या समोरच्या घरात राहायचे. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, लग्न झालेलं नव्हतं. सगळे मला बाई म्हणत. तफीदा मात्र सुहैर म्हणायची, कारण मी रांगत होते तेव्हापासून ती मला ओळखत होती.

१९७९ च्या वसंतात कैरोहून मुनीर नावाचा एक रसायनतज्ज्ञ तिच्या दारात आला. त्याला पाळी गेलेल्या बायकांची लघवी हवी होती. रोज सकाळची पहिली, स्वच्छ कॅनमध्ये भरलेली, आणि दर गुरुवारी तो गाडी घेऊन येऊन ती नेणार. बदल्यात प्रत्येकीला महिन्याला साबण आणि चहापत्ती. अशा कामाला घराघरात पाय असलेली बाई लागते आणि गावात तशी एकच आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

तफीदाने त्याला बसायलाही सांगितलं नाही. मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, हा काय म्हणतो ते तू ऐक, आणि खोटं कुठे आहे ते मला सांग.

मुनीरने समजावलं ते मला आजही आठवतं, कारण तितक्या सोप्या भाषेत मी वर्गात कधी शिकवू शकले नाही. बाईच्या मेंदूतून अंडाशयाला दर महिन्याला हार्मोनचा निरोप जातो, की एक बीज पिकव. वय झालं की अंडाशय उत्तर देईनासं होतं. मेंदूला वाटतं, निरोप पोचलाच नाही. म्हणून तो आणखी निरोप पाठवतो, आणखी मोठ्याने, वर्षानुवर्षं. न घेतलेले ते सगळे निरोप लघवीतून वाहून जातात. ते गोळा करून शुद्ध केले तर त्यांचं इंजेक्शन होतं, आणि ज्या तरुण बाईचं बीज पिकत नाही तिला ते दिलं तर तिला मूल होऊ शकतं.

"म्हणजे जे आमच्या घरात उरलं नाही, ते आमच्या मोरीत आहे," तफीदा म्हणाली.

मुनीर हो म्हणाला.

"मग तुझ्या आईचं का नेत नाहीस?"

त्याने सांगितलं की पहिला कॅन आईचाच होता. तफीदाने मान हलवली, म्हणजे पटलं नाही. तेव्हा पुढच्या गुरुवारी तो आईलाच गाडीत घालून घेऊन आला. जाडजूड, गुडघे धरून चालणारी बाई. ती तफीदाच्या ओट्यावर बसली, तीन कप चहा प्यायली आणि म्हणाली, पोरगा वेडा आहे पण चोर नाही, दोन वर्षं देतेय, अजून जिवंत आहे. तफीदाने तिला दोन-चार आडवे प्रश्न विचारले, मुलाच्या लहानपणीचे, आणि मगच हो म्हटलं.

त्यानंतर बायकांना पटवायचं काम. आमच्याकडे माणसाचं नख, केस, लघवी परक्याच्या हाती देत नाहीत. त्याच्यावर करणी करता येते, आणि सोबत नाव आणि आईचं नाव मिळालं तर विचारायलाच नको. तफीदाचा करणीवर अर्धा विश्वास होता आणि अर्धा नव्हता, म्हणून तिने मुनीरला सांगितलं की नाव कुठेच लिहायचं नाही. प्रत्येक कॅनच्या मुठीला वेगळ्या रंगाचा दोरा, आणि कुठला दोरा कुणाचा ते फक्त तिच्या डोक्यात. मशिदीतल्या शेखना विचारलं तर ते थोडा वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, देताना हात धुवा आणि दिल्यावर विसरून जा. अकरा बायका तयार झाल्या. त्यांतली सगळ्यांत म्हातारी हाज्जा अदीला, वय एक्क्याऐंशी, कानाने कमी ऐकणारी. सगळ्यांत लहान विदाद, एकोणपन्नासची.

गल्लीतले पुरुष मात्र चहाच्या दुकानात बसून तर्क लढवत. कुणी म्हणे कातडं कमवायला नेतात, कुणी म्हणे शत्रूच्या देशात विकतात आणि तिथे आपल्या बायकांच्या पोटाचा हिशोब लावतात. एका सुताराची शेळी मेली, तर त्याचाही दोष कॅनांवर आला. तफीदा हे ऐकायची आणि कुणाला गप्प करायची नाही. मला म्हणायची, त्यांचं चुकत नाही, मीही अजून शोधतेच आहे. एकदा तिने एक कॅन मुद्दाम निम्मा पाण्याने भरून पाठवला. पुढच्या गुरुवारी मुनीर म्हणाला, पिवळ्या दोऱ्याचा माल पातळ होता. तेव्हा तिला बरं वाटलं. म्हणाली, निदान हा बघतो तरी.

विदाद नवरा गेल्यावर शिवणाच्या मशीनवर घर चालवायची. तिची मुलगी अफाफ एकोणीसची, तिचं लग्न ठरलं होतं, ईदनंतर निकाह होता. विदादचा थोरला भाऊ बस्यूनी चीज बनवायचा, पत्र्याच्या डब्यांतलं पांढरं खारं चीज. स्वभावाने वाईट नव्हता. पण मेहुणा गेल्यापासून बहिणीची अब्रू आपल्या खांद्यावर आहे असं त्याच्या मनात बसलं होतं, आणि ते ओझं त्याला पेलत नव्हतं. बहीण अशा कामात आहे हे त्याला चहाच्या दुकानातच कळलं.

तो विदादला काही बोलला नाही. एका सकाळी तिच्या घरी गेला, दाराआड ठेवलेल्या हिरव्या दोऱ्याच्या कॅनमधून बाटलीभर काढून घेतली आणि स्टेशनाजवळच्या तपासणीच्या लॅबमध्ये नेली. शौकी नावाचा एक तरुण तिथे तपासण्या करायचा. बस्यूनीने त्याला म्हटलं, बाईचं आहे, यात काय आहे ते बघून सांग. आता एखादा पुरुष बाईची लघवी घेऊन येतो तेव्हा त्याला बहुधा एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. शौकीने ती तपासणी केली आणि छापील कागदावर लिहून दिलं, की दिवस गेलेले आहेत.

बस्यूनी दुपारी गल्लीत आला तो आधी तफीदाकडे. मी शाळेतून नुकतीच आले होते, त्याचा आवाज ऐकून पलीकडे गेले. तो ओरडत नव्हता. कागद तिच्या पुढ्यात धरून हळू आवाजात विचारत होता, की हा मुनीर गुरुवारी येतो तो कुठपर्यंत आत येतो.

तफीदाने मला कागद वाचायला सांगितला. मी वाचला. माझ्या हातात तो छापील कागद, त्यावर शिक्का, खाली सही. मी विज्ञान शिकवणारी बाई, मी त्यावर विश्वास ठेवला. हे मला लिहायला हवं. संध्याकाळी विदाद गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा मी खिडकीतून तिच्या पोटाकडे बघितलं. वाऱ्याने तिचा झगा फुगला आणि मला वाटलं, असेल.

तफीदाने विदादला आपल्या घरी बोलावलं, दार लावून घेतलं. त्यांचं काय बोलणं झालं ते तफीदानेच मला नंतर सांगितलं. तिने गोड बोलून विचारलं नाही. सरळ विचारलं, की कागद असं म्हणतो, तू काय म्हणतेस. विदाद आधी हसली, कारण तिला खरंच समजलं नाही. समजलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, आक्का, पाळी जाऊन चार वर्षं झाली, आणि ज्याला जवळ घ्यावं असा माणूस त्याच्याही आधी गेला. माझ्या मुलीचं लग्न आहे. मला हे कुणी विचारू कसं शकतं?

"तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवला?" मी विचारलं.

"नाही," तफीदा म्हणाली. "नवऱ्यावर ठेवला होता एकदा, तेवढा पुरे. पण मग कागदावर तरी का ठेवू? कागद काय माझ्या माहेरचा आहे?"

तिकडे बस्यूनीने ठरवून टाकलं होतं. विदादने सामान बांधायचं, अफाफला मामीकडे ठेवायचं, विदादने त्याच्याबरोबर खेड्यातल्या चुलतघरी जायचं आणि तिथे काय ते गुपचूप बघायचं. लग्नाचं पुढचं पुढे. अजून गल्लीत कुणाला कळलं नव्हतं, पण कळायला किती वेळ लागतो. विदादच्या घरची मशीन दोन दिवस बंद होती, आणि आमच्या गल्लीत मशीन बंद असली की लोक कारण शोधतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी तफीदा माझ्याकडे आली. तिने मला विचारलं, अशी तपासणी चुकते का कधी. मी म्हटलं, क्वचित. ती म्हणाली, क्वचित म्हणजे शंभरात किती. मला सांगता येईना. मग म्हणाली, तुझ्या शाळेत मुलींना तू कसं शिकवतेस, आम्ल आहे की नाही हे बघायला तो कागद बुडवता, तो कागद खरा आहे हे कसं कळतं? मी म्हटलं, आधी ठाऊक असलेल्या गोष्टीत बुडवून बघायचा. लिंबाच्या रसात, साध्या पाण्यात.

"झालं तर मग," ती म्हणाली. "लिंबं आपल्याकडे पुष्कळ आहेत."

तिने बेत सांगितला. पाच बाटल्या. एक तिची स्वतःची. एक हाज्जा अदीलाची, कारण त्या बाईबद्दल तरी कुणाला शंका नसावी. एक विदादची, पुन्हा ताजी. एकीत पातळ चहा. आणि एक माझी.

मी नको म्हटलं. मला भीती वाटली. तपासणी खोटी असेल आणि तिने माझ्याबद्दलही काही सांगितलं तर? बिनलग्नाची मुलगी, सरकारी शाळेत नोकरी. तफीदा म्हणाली, नाव लिहायचं नाहीये, दोरा बांधायचाय. मी तरी कबूल होईना. ती हळूच म्हणाली, विदादचंही नाव कुठे लिहिलं नव्हतं. मी उठून एक रिकामी बाटली धुवायला घेतली.

खरी अडचण बस्यूनीची होती. तफीदा बाटल्या घेऊन गेली असती तर तो म्हणाला असता, हिने काहीतरी मिसळलं. म्हणून तिने त्यालाच बोलावलं आणि सांगितलं, तू ने, तुझ्याच हाताने दे. पण भरताना तू दारात उभा राहू शकत नाहीस, तर तुझी बायको उभी राहील. बस्यूनीची बायको करीमान अबोल बाई होती. नणंदेला ती घाबरत असे की तिच्यावर माया करत असे, ते मला कधी कळलं नाही. ती आमच्या प्रत्येकीच्या मोरीच्या दाराशी उभी राहिली, बाटली हातात घेतली, बूच लावलं, दोरा बांधला. हाज्जा अदीलाला आम्ही काय करतोय ते कळेपर्यंत अर्धा तास गेला. तिला वाटलं कॅन संपले म्हणून बाटल्या आल्या. तिने विचारलं, साबण वेगळा मिळणार का.

लॅबमध्ये बस्यूनी, करीमान, तफीदा आणि मी, चौघं गेलो. तफीदाने शौकीला सांगितलं, पाची बाटल्यांची तीच तपासणी कर, जी चार दिवसांपूर्वी केलीस. शौकी चिडला. त्याने विचारलं, एकाच घरात पाच जणींना दिवस राहिलेत का. तफीदा म्हणाली, तुझ्यावर अवलंबून आहे.

आम्ही बाकावर बसलो. तो काचेच्या पट्टीवर थेंब टाकायचा, वरून दुसरा थेंब, आणि पट्टी हलवत बसायचा. दाणे धरले नाहीत तर दिवस गेलेत, धरले तर नाहीत, असं त्याने नंतर दाखवलं. मी पंख्याकडे बघत होते. आयुष्यात काही केलेलं नसताना माणसाला गुन्हेगार वाटू शकतं, ते मला त्या बाकावर कळलं.

त्याने कागद लिहून बस्यूनीच्या हातात दिला. बस्यूनी वाचत होता तेव्हा त्याचे ओठ हलत होते. चहाच्या बाटलीत काही नाही. पांढऱ्या दोऱ्याच्या, म्हणजे माझ्या बाटलीत काही नाही. हिरव्यात दिवस गेलेले. काळ्यात दिवस गेलेले. लाल दोऱ्यातही गेलेले.

"काळा माझा," तफीदा म्हणाली. "लाल हाज्जा अदीलाचा. करीमान, तू बांधलास ना?"

करीमान म्हणाली, मीच बांधला. मी दाराशी होते. त्या दिवसभरात ती एवढंच बोलली, पण नवऱ्याकडे बघून बोलली.

शौकीला अजून कळलं नव्हतं. तो म्हणाला, ह्या तिन्ही बायकांनी डॉक्टरांना भेटायला हवं.

"ती एक्क्याऐंशी वर्षांची आहे, बाळा," तफीदा त्याला म्हणाली. "बाळाच्या सातव्या दिवशी शेंगदाणे वाटू तेव्हा ये. नाव काय ठेवायचं ते तूच सांग."

हे ती हसत म्हणाली नाही. बस्यूनी बाकावर बसला, कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग उठला आणि चालत निघाला. नंतर कळलं, तो थेट विदादकडे गेला आणि तिच्या उंबऱ्यावर बसून राहिला. आत जायचं धैर्य झालं नाही. विदादनेही आत बोलावलं नाही. संध्याकाळी तिच्या मशीनचा आवाज सुरू झाला, तेव्हा तो उठून गेला.

गुरुवारी मुनीर आला, तर ओट्यावर एकही कॅन नव्हता. तफीदाने बस्यूनीकडून घेतलेले दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने वाचले आणि कपाळाला हात लावला. त्याला ते लगेच समजलं. पोटात मूल असताना जे हार्मोन लघवीत येतं, ते आणि पाळी गेल्यावर मेंदू जो निरोप पाठवत राहतो तो, ही दोघं सख्खी भावंडं. तोंडवळा इतका सारखा की ह्या स्वस्त तपासणीला त्यांतला फरक कळत नाही. म्हणून वय झालेल्या बायकांसाठी ती वापरायची नसते, असं तपासणीच्या खोक्यातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. चिठ्ठी परक्या भाषेत होती. शौकीने ती कधी उलगडलीच नव्हती.

मला वाटलं, आता तफीदाला बरं वाटेल. पण तिचा चेहरा आणखी कठीण झाला.

"तुला हे ठाऊक होतं," ती मुनीरला म्हणाली.

तो म्हणाला, आमच्या धंद्यात सगळ्यांनाच ठाऊक असतं.

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस? आमच्या पोटातलं काय काय ते तू तासभर समजावलंस. हे नाही समजावलंस."

तो म्हणाला की त्याच्या मनातच आलं नाही, कुणी विचारलं नाही. तफीदा म्हणाली, न विचारता मिळतं ते फक्त साबण. मग तिने सांगितलं की गावातल्या प्रत्येक लॅबच्या भिंतीवर हे अरबीत, मोठ्या अक्षरात लावून होईपर्यंत ह्या गल्लीतून एक थेंब जाणार नाही. मुनीर चिडला, कैरोला उत्तर काय देऊ म्हणाला, पण शेवटी त्याला करावं लागलं. मजकूर मी लिहिला. तीन आठवडे लागले. तफीदा स्वतः प्रत्येक ठिकाणी जाऊन कागद लावलाय का बघून आली, आणि वाचता येत नव्हतं म्हणून प्रत्येक ठिकाणी तो दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेतला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण तफीदाला एक गोष्ट स्वस्थ बसू देईना. ती मला म्हणाली, हा शौकी किती वर्षं पट्ट्या हलवतोय? आठ. मग विदाद पहिलीच कशी असेल?

आणि मग तिला सनीया आठवली. मलाही आठवली, पण मी ते नाव घेतलं नव्हतं. कुंभारांच्या गल्लीतली सनीया. नवरा लिबियात कामाला. दोन वर्षांपूर्वी तिला चक्कर यायची, अंगातून वाफा निघायच्या, पाळी चुकत होती. वय सेहेचाळीस. सासूने तपासणी करून आणली. नवऱ्याने तिकडूनच तलाक पाठवला. सनीया तिच्या भावाच्या खेड्यात गेली, आणि मूल झालं की पाडलं की काय झालं, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, आपल्याला ठाऊक आहे. तफीदा तिच्या लग्नात तिला न्हाऊ घालायला गेली होती. तलाकनंतर रस्त्यात भेटली तेव्हा तफीदाने ओळख दाखवली नव्हती.

एका शुक्रवारी आम्ही दोघी सीटवर भरणाऱ्या टॅक्सीने त्या खेड्यात गेलो. सनीया भावाच्या घरामागे बदकांना दाणे टाकत होती. केस पांढरे झाले होते. तफीदाने आल्या कामाचं सांगितलं, दोरे, बाटल्या, हाज्जा अदीला, सगळं. सनीया हातातलं टोपलं खाली न ठेवता ऐकत राहिली. मध्ये कुठे हसली नाही, कुठे रडलीही नाही. संपल्यावर म्हणाली, "मला ठाऊक होतं."

मग टोपलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "तेव्हा तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून तुम्ही कागद आणलात. आता कागदावर विश्वास नाही म्हणून माझ्याकडे आलात. मी कुठे आहे ह्यात?"

तफीदाने मुद्दाम आणलेला मिशब्बिकचा, आमच्याकडच्या जिलेबीचा, पुडा दाराशी ठेवला. सनीयाने तो उचलला नाही. आम्ही निघालो तेव्हा बदकं त्या पुड्याभोवती जमली होती.

परतीच्या वाटेवर तफीदाने टॅक्सीची काच खाली केली. मग म्हणाली, सुहैर, मी सगळ्यांवर संशय घेते म्हणून लोक मला हुशार समजतात. पण त्या बाईवर संशय घ्यायला मला काही मेहनत नव्हती पडली. सगळे घेत होते, मी त्यांच्याबरोबर घेतला. मी स्वतः खिडकीतून विदादच्या पोटाकडे बघितलं होतं, हे मी तफीदाला कधीच सांगितलं नाही.

सनीयाच्या माजी सासूकडे तफीदा तो पाच बाटल्यांचा कागद घेऊन गेली. सासूने दार उघडलं नाही. सनीयाच्या नवऱ्याला लिबियाला पत्र लिहायला तफीदाने मला बसवलं. त्याचं उत्तर आलं नाही. त्याने तिकडे दुसरं लग्न केलं होतं असं नंतर कळलं. मग तफीदाने सनीयाची गोष्ट गल्लोगल्ली बायकांना सांगायला सुरुवात केली, नाव घेऊन. मी म्हटलं, नाव कशाला. ती म्हणाली, बदनामी नावानेच झाली होती, तर हेही नावानेच होऊ दे.

अफाफचं लग्न ईदनंतर ठरल्याप्रमाणे झालं. पार्लर असूनही तिने तफीदालाच बोलावलं. बस्यूनी लग्नात भरपूर राबला, पाहुण्यांना बदकाचं मांस वाढत फिरला. विदाद त्याच्याशी बोलायची, पण पूर्वी ती त्याला दादा म्हणायची ते तिने सोडलं. करीमान मात्र पुढे दर बुधवारी विदादकडे शिवण शिकायला यायला लागली. हाज्जा अदीलाला आपण गल्लीभर गरोदर ठरलो होतो हे महिनाभराने कळलं, आणि ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मरेपर्यंत ती पाहुण्यांना सांगायची, डॉक्टर म्हणतात मला अजून दिवस राहिलेलेच आहेत.

मुनीरची गाडी आणखी सहा वर्षं येत होती. मग कैरोहून निरोप आला की आता नको. आमच्या गल्लीतल्या निरोपांमधून कुणाला मूल झालं का, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मुनीर म्हणायचा, पुष्कळांना झालं. तफीदा म्हणायची, एक तरी आणून दाखव. त्याने एकदा बाळाचा फोटो आणला. तिने तो उजेडात धरून बघितला, उलटा करून मागचं बघितलं आणि परत दिला.

सनीयाच्या खेड्यात तफीदा दर वर्षी एकदा जायची. मी पहिल्यांदा गेले तेवढीच. दुसऱ्या वर्षी सनीयाने तिला अंगणात उभं ठेवलं. तिसऱ्या वर्षी चटई टाकली, चहा विचारला नाही. पाचव्या वर्षी तफीदा परत आली ती संध्याकाळी उशिरा, टॅक्सी चुकून. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, काही नाही, तिच्या गुडघ्याला तेल लावून देत होते. तिचे गुडघे फार सुजलेत, आणि तिथल्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांतली तिने एकही घेतलेली नाही.